आजीच्या ओव्या कॅसेटमधून मोबाईलवर आणताना

आमच्या गंगाखेडच्या घरात माळ्यावर एक पत्र्याची ट्रंक होती. अण्णा गेल्यावर दोन वर्षांनी ती खाली उतरवली, तर आत जुन्या चादरीत गुंडाळलेल्या एक्केचाळीस कॅसेट निघाल्या. बहुतेक सिनेमाची गाणी, काही अभंग, काही भीमगीतं, लग्नातल्या सनईच्या दोन. सगळ्यात तळाशी साठ मिनिटांची एक कॅसेट. तिच्यावर अण्णांच्या अक्षरात निळ्या शाईनं लिहिलेलं होतं, ‘आई. दळताना. १९९१.’

आजी १९९६ साली गेली. तिचा आवाज त्या एका फितीवर सोडला तर कुठंच उरलेला नव्हता. ती कॅसेट मोबाईलवर आणायला मला पाच महिने लागले. त्यातले चार चुका करण्यात गेले. तुमच्याही माळ्यावर अशी ट्रंक असेल, तर हे काम कसं करायचं ते इथं सविस्तर लिहितो.

मराठवाड्यातल्या घराघरांत गाणं ज्या वाटेनं आलं, ती थोडक्यात सांगतो, कारण पुढच्या निवडीशी तिचा संबंध आहे. आधी रेडिओ. विविध भारती १९५७ साली सुरू झाली, पुढं परभणीचं आकाशवाणी केंद्र आलं, आणि एका घरात रेडिओ लागला की अख्खी गल्ली ऐकायची. कॅसेट फिलिप्स कंपनीनं १९६३ साली आणली. पण आमच्याकडं ती खरी पोचली १९८०च्या दशकात, स्वस्त कॅसेटींचा पूर आला तेव्हा. मग बसस्टँडजवळच्या दुकानात गाण्यांची यादी द्यायची आणि कॅसेट ‘भरून’ घ्यायची. पुढं त्याच दुकानात लोक मोबाईलचं मेमरी कार्ड ‘भरून’ घेऊ लागले. २०१६ साली जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, आणि भरून घ्यायची गरजच संपली. हवं ते गाणं बोटावर आलं.

पण कॅसेटनं असं एक काम केलं जे रेडिओला जमलं नव्हतं. तिच्या टेपवर रेकॉर्ड करायचं लाल बटण होतं. माणसांनी घरातला आवाज भरून ठेवला. सप्त्यातलं भजन, आराध्यांची गाणी, गोंधळ, नाथांची भारुडं, जयंतीच्या रात्रीचा जलसा, बाळाचं पहिलं बोलणं. हे कुठल्याच ॲपवर सापडत नाही आणि सापडणारही नाही. म्हणून पहिली पायरी वायर जोडण्याची नाही, निवडीची आहे.

कॅसेटींचे ढीग करा

सगळ्या कॅसेट जमिनीवर पसरा आणि तीन ढीग करा. एकात कंपनीच्या छापील कॅसेट. त्यांतली बहुतेक गाणी आज मोबाईलवर सहज मिळतात, त्यांच्यापायी एक मिनिटही घालवू नका. दुसऱ्यात दुकानातून भरून घेतलेल्या. त्याही सोडून द्या, फक्त एखाद्या स्थानिक गायकाचं किंवा गावातल्या मंडळाचं काही असेल तर बाजूला काढा. तिसरा ढीग घरी रेकॉर्ड केलेल्यांचा. हा ढीग लहान असतो. सगळी मेहनत याच्यासाठी.

एक सावधगिरी. छापील कॅसेटवरच घरचं रेकॉर्डिंग केलेलं असतं, हे मला उशिरा कळलं. छापील कॅसेटच्या वरच्या कडेला दोन्ही टोकांना चौकोनी खाचा असतात. त्या खाचांवर कुणी कागद कोंबलेला किंवा चिकटपट्टी लावलेली दिसली, तर समजा की त्या घरात कुणीतरी वरून काहीतरी भरलं आहे. अण्णांनी एका आरत्यांच्या कॅसेटवर माझ्या बहिणीच्या बारशाचा पाळणा भरला होता.

उलट तिसऱ्या ढिगातल्या कॅसेटींच्या त्या जागी छोट्या प्लास्टिक पट्ट्या शाबूत असतील. त्या दोन्ही आजच तोडून टाका. पट्टी तुटली की टेपचं लाल बटण खाली दबत नाही, म्हणजे चुकून आजीवर दुसरं काही चढायची भीती जाते. हे काम दोन सेकंदांचं आहे आणि या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं आहे.

टेप कुठून आणायचा

कॅसेट ज्या टेपवर रेकॉर्ड झाली तोच टेप घरात असेल, तर तोच दुरुस्त करून घ्या. दुरुस्तीला चार पैसे जास्त गेले तरी चालतील. कारण असं की प्रत्येक टेपचं हेड केसभर वेगळ्या कोनात बसलेलं असतं. ज्या कोनात आवाज लिहिला गेला त्याच कोनात वाचला, तर शब्द खणखणीत येतात. दुसऱ्या टेपवर तोच आवाज घोंगडीच्या आडून आल्यासारखा येतो.

जुना टेप बहुधा दोनच गोष्टींनी अडतो. आतला रबरी पट्टा सैल झालेला किंवा वितळून चिकट झालेला असतो, आणि फीत ओढणारं रबरी चाक कडक पडलेलं असतं. जिल्ह्याच्या गावात अजूनही एखादे रेडिओ दुरुस्त करणारे काका असतातच. आमच्याकडचे काका सत्तरीचे आहेत, मोबाईलला हात लावत नाहीत, पण त्यांनी अर्ध्या तासात पट्टा बदलून दिला. घरचा टेप नसेल तर नातेवाइकांत विचारा. कुणाच्या तरी कपाटावर तो उगाच पडलेला असतो. ऑनलाइन मिळणारे, थेट यूएसबीला लागणारे छोटे प्लास्टिकचे प्लेअर मी तरी घेऊ नका म्हणेन. त्यांचा वेग डगमगतो आणि लांब आलाप पाण्यावर तरंगल्यासारखा हलतो.

टेप मिळाला की हेड साफ करा. मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात ‘आयपीए’ मागितलं की आयसोप्रोपिल अल्कोहोलची छोटी बाटली मिळते. सॅनिटायझर चालत नाही, थिनर तर मुळीच नाही. कान साफ करायची कापसाची काडी त्यात किंचित ओली करून हेडच्या चकचकीत तोंडावरून आणि शेजारच्या फिरत्या पोलादी दांडीवरून फिरवा. कापूस तांबूस निघेल, तीच जुन्या फितींची झडलेली पूड. पांढरा निघेपर्यंत काड्या बदलत राहा. रबरी चाक ओल्या कापडानं पुसा. पाच मिनिटं वाळू द्या.

आणि आता आजीची कॅसेट लावू नका. पहिल्या ढिगातली, फुकट गेली तरी चालेल अशी एखादी लावा आणि पूर्ण अर्धा तास वाजू द्या. टेपनं कॅसेट खायची असेल तर ती खाऊ दे.

फितीची तपासणी

उजेडात कॅसेट धरून खिडकीतून आत बघा. फितीच्या गुंडाळीवर पांढरी पावडर किंवा ठिपके दिसले तर ती बुरशी आहे. अशी कॅसेट टेपमध्ये घालू नका, तिची बुरशी हेडला लागून दुसऱ्या कॅसेटींत जाते. वेगळ्या पिशवीत ठेवून जाणकाराला दाखवा. आमच्या भागात कोरडा उन्हाळा असल्यानं बुरशी कोकणाइतकी लागत नाही, पण पत्र्याखालच्या माळ्यावर मे महिन्यातल्या उष्णतेनं प्लास्टिक वाकडं होतं आणि गुंडाळी जाम होते. म्हणून वाजवण्याआधी पेन्सिल दात्यात घालून दोन-चार वेढे हातानं फिरवून बघा. सहज फिरली तर टेपमध्ये एकदा पूर्ण पुढं आणि पूर्ण मागं पळवा. वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटून बसलेले वेढे त्यानं मोकळे होतात.

माझ्या कॅसेटची अडचण वेगळी होती. खालच्या कडेच्या मधल्या खिडकीत एक पातळ धातूची पट्टी असते आणि तिच्यावर शेंगदाण्याच्या अर्ध्या डाळीएवढा नमद्याचा तुकडा चिकटवलेला असतो. तो फितीला हेडवर दाबून धरतो. जुन्या कॅसेटींत त्याचा गोंद सुकतो आणि तो गळून पडतो. मग आवाज येतो-जातो, दूर कुठंतरी कुणी गातंय असं वाटतं. मला वाटलं आजीचा आवाजच पुसला गेला. पुसला काही नव्हता, तो तुकडा कॅसेटच्या आतच सुटा फिरत होता.

यावर उपाय घरी होतो. पहिल्या ढिगातली, पाच स्क्रूंची एक कॅसेट घ्या. स्क्रू काढा, वरचं झाकण सरळ वर उचला. आत फीत कुठून कशी वळते याचा मोबाईलवर फोटो काढा. मग आजीच्या कॅसेटचे स्क्रू काढा आणि तिच्या दोन्ही गुंडाळ्या फितीसकट उचलून नव्या कवचात त्याच वाटेनं बसवा. बोट फितीच्या तपकिरी भागाला लागू देऊ नका. जुनी कॅसेट स्क्रूऐवजी चिकटवलेली असेल तर कडेच्या शिवणीत पातळ पातं घालून हळूहळू उकलावी लागते. ते जमणार नसेल तर रेडिओवाल्या काकांकडंच न्या. फीत तुटलेली असेल तर नेहमीची पारदर्शक चिकटपट्टी लावू नका. तिचा गोंद उन्हाळ्यात पाझरतो आणि शेजारच्या वेढ्यांना चिकटतो. त्यासाठी वेगळी जोडपट्टी मिळते.

जोडणी

टेपला हेडफोनची पिन लागते ती जागा शोधा. दोन्ही टोकांना साडेतीन मिलिमीटरची पिन असलेली वायर, जिला दुकानात ‘ऑक्सची वायर’ म्हणतात, तिचं एक टोक तिथं. दुसरं टोक कॉम्प्युटरच्या ‘लाइन इन’मध्ये. टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरला मागं निळी जागा असते, तीच. गुलाबी जागा माईकची. तिथं लावलं तर आवाज फाटतो, कारण ती बारीक आवाज मोठा करण्यासाठी असते. आजच्या लॅपटॉपला निळी जागा नसतेच, एकच जागा असते आणि तिच्यात फक्त माईकचा आवाज जातो. म्हणून लाइन इन असलेलं छोटं यूएसबी साउंड कार्ड घ्या. घेताना ‘लाइन इन आहे का’ हे विचारूनच घ्या, अगदी स्वस्तातल्या बहुतेक कार्डांना नुसता माईक असतो. लॅपटॉप नसेल तर टाइप-सी मोबाईललाही असं कार्ड जोडता येतं. फोन एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर ओवीच्या मधोमध रिंगटोन वाजते.

पहिल्या वेळी मला सगळ्या रेकॉर्डिंगमागं एक जाड, सलग ‘हूं’ ऐकू येत होतं. फितीत ते नव्हतं, ते आमच्या इन्व्हर्टरचं आणि लॅपटॉपच्या चार्जरचं होतं. आपल्याकडं वीज केव्हा येईल-जाईल सांगता येत नाही, म्हणून घरोघर इन्व्हर्टर आहे, आणि हा त्रास बहुतेकांना होणार. उपाय सोपा आहे. लॅपटॉप पूर्ण चार्ज करून चार्जर काढून टाका आणि टेप सेलवर चालवा. सेल कोरे घाला. अर्धवट संपलेल्या सेलवर टेप हळू पडतो.

रेकॉर्डिंग

ऑडॅसिटी नावाचा मोफत प्रोग्रॅम विंडोजवर, मॅकवर, लिनक्सवर चालतो. त्यात ४४,१०० हर्ट्झ आणि १६ बिट ही मापं ठेवा. घरच्या रेकॉर्डिंगला ती भरपूर आहेत. टेपवर बास वाढवण्याची बटणं असतील तर बंद करा, आवाज अर्ध्यावर ठेवा. कॅसेटमधला सगळ्यात मोठा आवाज शोधून वाजवा, आमच्याकडं तो कोंबड्याच्या आरवण्याचा होता, आणि ऑडॅसिटीतली हिरवी पट्टी वजा १२ ते वजा ६ डेसिबलच्या मध्ये राहील असं बघा. शून्याला टेकली तर आवाज चिरतो, आणि चिरलेला आवाज पुन्हा सांधता येत नाही.

जुना घरगुती टेप एकाच माईकनं रेकॉर्ड करायचा, म्हणून डाव्या-उजव्या दोन्ही चॅनलवर आवाज तोच असतो. आधी स्टिरिओत घ्या, मग दोन्ही चॅनल ऐकून जो स्वच्छ असेल तो ठेवा.

आवाज दबका वाटला तर हेडचा कोन जुळवायचा. हेडच्या एका कडेला स्प्रिंग असलेला छोटा स्क्रू असतो. कॅसेट चालू असताना पातळ पेचकसानं तो अगदी किंचित, घड्याळाच्या काट्यानं पाच मिनिटं सरकावं इतकाच फिरवा आणि ‘स’, ‘श’, बांगड्यांचा किणकिणाट ऐका. जिथं तो सगळ्यात धारदार येतो तिथं थांबा. मूळ जागेवर आधी पेनानं खूण करून ठेवा.

नंतर मात्र काही करायचं नाही. रेकॉर्ड दाबा, टेप चालू करा आणि बसा. साठ मिनिटांच्या कॅसेटची एक बाजू अर्ध्या तासाची, नव्वदच्या कॅसेटची पाऊण तासाची. इथं घाईला जागा नाही. वीस कॅसेट असतील तर वीस-तीस तास लागणारच. नव्वदच्या कॅसेटची फीत पातळ असते, तिला सारखी मागं-पुढं करू नका.

सेलचा परिणाम आणि पट्टी

आजीच्या कॅसेटची दुसरी बाजू वाजवली तेव्हा तिचा आवाज हळूहळू बारीक आणि घाईचा होत गेला. शेवटी शेवटी ती लहान मुलीसारखी गात होती. कारण शोधायला मला आठवडा लागला. १९९१ साली रेकॉर्डिंग करताना सेल उतरत होते. टेप हळू पडत गेला. हळू भरलेली फीत आता बरोबर वेगानं वाजली, की आवाज चढा आणि भरभर येतो. खेड्यात सेलवर केलेल्या बऱ्याच रेकॉर्डिंगांत हा दोष असतो.

ऑडॅसिटीत ‘चेंज स्पीड अँड पिच’ (जुन्या आवृत्तीत ‘चेंज स्पीड’) वापरून तो काढता येतो. ‘टेम्पो’ बदलू नका, त्यात नुसती लय बदलते, सुराची पट्टी तशीच राहते. भजनाची कॅसेट असेल तर काम सोपं, कारण पेटी आहे. मंडळातल्या पेटीवाल्याला बोलवा, ‘हे काळी चारमध्ये गायलेत की पाचमध्ये’ विचारा, आणि तो पेटीवर सूर धरील त्याला जुळवा. ओव्यांना पेटी नसते. मी पहिल्या बाजूचा आजीचा सूर तंबोऱ्याच्या ॲपवर पकडला, दुसऱ्या बाजूचे चार-चार मिनिटांचे तुकडे केले आणि प्रत्येक तुकडा त्या सुरावर आणला. आठव्या तुकड्यापर्यंत ती पुन्हा माझी आजी झाली.

आवाज साफ करण्याविषयी

इथं जरा रेंगाळतो, कारण सगळ्यात मोठी चूक इथंच होते.

पाचातल्या पहिल्या महिन्यात मी ती कॅसेट एका शहरातल्या दुकानात दिली होती. चार दिवसांनी पेन ड्राइव्ह मिळाला. आवाज स्वच्छ, एकदम स्वच्छ. मागं काहीच नाही. जात्याची घरघर गेली होती, बांगड्या गेल्या होत्या, आणि आजीचा आवाज रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा येत होता. दुकानदारानं काही वाईट केलं नव्हतं, त्यानं ‘गोंगाट’ काढला होता.

पण ओवीत जातं गोंगाट नसतं, ते तालवाद्य असतं. दगडाचा एक फेरा पुरा होतो तिथं ओळ टेकते, दाणे टाकायला हात थांबतो तिथं दम घेतला जातो. आजी मध्येच ‘ऊं’ म्हणते ते खुंटा जड झाला म्हणून. जनाबाई आमच्या गंगाखेडची, तिच्या अभंगांत दळण आहे ते उगाच नाही. ते जातं पुसून ओवी ऐकणं म्हणजे मृदंग काढून भजन ऐकणं.

म्हणून नियम असा ठेवा. टेपवरून जे आलं ते, एकही बटण न दाबता, ‘मूळ’ या नावानं वेव्ह फाइलमध्ये जपून ठेवा. ती कधीच बदलू नका. साफसफाई करायची ती तिच्या नकलेवर. फितीची मूळ ‘सस्स’ कमी करायची असेल तर सुरुवातीला कुणी बोलत नाही असा दोन-तीन सेकंदांचा तुकडा निवडा, ‘नॉइज रिडक्शन’मध्ये जाऊन ‘गेट नॉइज प्रोफाइल’ दाबा, मग सगळी फाइल निवडून पुन्हा तिथं जा आणि कमी करण्याचं माप ६ डेसिबलच्या वर नेऊ नका. त्या निवडलेल्या तुकड्यात जात्याचा आवाज नसेल याची खात्री करा. असेल तर प्रोग्रॅम त्यालाच गोंगाट समजून काढून टाकतो. माझ्या पहिल्या नकलेत नेमकं तेच झालं.

नावं, टिपणं आणि नकला

वेव्ह फाइल मोठी असते. स्टिरिओत मिनिटाला साधारण १० एमबी, म्हणजे साठची कॅसेट सव्वासहाशे-साडेसहाशे एमबीच्या आसपास. तीच १२८ केबीपीएसच्या एमपी३मध्ये ६० एमबीच्या आत बसते. वेव्ह जपायला, एमपी३ ऐकायला आणि वाटायला.

फाइलचं नाव ‘नवीन १’, ‘फायनल २’ असं ठेवू नका. साल, कोण, काय, कुठं, कॅसेटची कुठली बाजू, एवढं नावातच लिहा. ‘१९९१, आजी, ओव्या, गंगाखेड, बाजू अ’ असं. लांब रेकॉर्डिंगमध्ये कंट्रोल आणि बी एकत्र दाबून प्रत्येक गाण्याच्या सुरुवातीला खूण टाकता येते आणि मग सगळी गाणी एकदम वेगळी काढता येतात. पण ओव्यांचे तुकडे मी केले नाहीत. त्या एका दळणाच्या आहेत, एका सकाळच्या आहेत.

टिपण मात्र लगेच करा. घरातल्या थोरल्या माणसाला रेकॉर्डिंग ऐकवा आणि ऐकता ऐकता ते जे बोलतील ते दुसऱ्या मोबाईलवर भरून घ्या. मी आत्याला पहिल्यांदा ऐकवलं, ती स्वयंपाकघरात भाकरी थापत होती. हात तसाच परातीत. ‘आई बोलायलीय की रे,’ म्हणाली, आणि नंतर बराच वेळ काहीच बोलली नाही. मग एकेक सांगू लागली. ही ओवी मोठ्या भावाची, तो रझाकाराच्या वेळी घर सोडून गेला होता. ही पंढरीची. इथं जी दुसरी बाई सूर धरते ती शेजारची, आता पुण्याला लेकाकडं असते. यातलं काहीही मला माहीत नव्हतं. कॅसेटवर तर दोनच शब्द आणि एक साल होतं.

नकला तीन हव्यात. एक लॅपटॉपवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक दुसऱ्या गावातल्या बहिणीकडं किंवा इंटरनेटवरच्या खात्यात. फक्त पेन ड्राइव्हवर विसंबू नका, तो न सांगता जातो. आणि कॅसेट फेकू नका. खोक्यात उभी ठेवा, स्पीकरपासून आणि माळ्याच्या पत्र्यापासून लांब.

व्हॉट्सॲपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, म्हणजे नाव टिकतं आणि फाइल जशीच्या तशी जाते. इंटरनेटवर सर्वांसाठी टाकायचं असेल तर जी माणसं गायली आहेत त्यांना, ती नसतील तर त्यांच्या घरच्यांना विचारा. शेजारच्या त्या मावशींना मी फोन केला, तेव्हा त्यांनी एक ओवी वगळायला सांगितली, घरातलं भांडण आहे तिच्यात. वगळली. छापील कॅसेट मात्र टाकू नका. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो.

तुमच्याकडच्या ओव्या किती मोलाच्या आहेत याची कल्पना यावी म्हणून सांगतो. गी पॉइतवाँ आणि हेमा राईरकर या संशोधकांनी महाराष्ट्रातल्या गावागावांतून एक लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या गोळा केल्या. त्यांत आपल्या माजलगावच्या भीमनगरातल्या बायकांच्याही आहेत. पारी (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या संकेतस्थळावर त्या ऐकायला मिळतात, जरूर ऐका. एक लाखात तुमच्या आजीची ओवी असेलच असं नाही.

आत्याला ऐकता यावं म्हणून

काम इथं संपलं असं मला वाटलं होतं. ओव्या आत्याच्या मोबाईलवर टाकल्या आणि निघालो. पंधरा दिवसांनी गेलो तर तिनं एकदाही ऐकल्या नव्हत्या. कुलूप उघडायचं, ॲप शोधायचं, फाइल शोधायची, मध्येच जाहिरात, मध्येच कुणाचा तरी फोन. तिला टेपची सवय. एक बटण दाबलं की आवाज आला पाहिजे.

मग मेमरी कार्ड लागणारा, रेडिओही असलेला एक छोटा स्पीकर आणला. असे स्पीकर बाजारात सगळीकडं मिळतात. घेताना हात लावून बघा, बटणं उंच आणि वेगवेगळी हवीत, गुळगुळीत काचेची नकोत. कार्ड ३२ जीबीपर्यंतचं घ्या आणि फॅट३२ प्रकारात फॉरमॅट करा, कारण बरेच स्वस्त स्पीकर मोठं कार्ड वाचत नाहीत. त्यात फक्त एमपी३ टाका. अनेक स्पीकर नावाचा क्रम न बघता ज्या क्रमानं फाइल टाकल्या त्याच क्रमानं वाजवतात, म्हणून एकेक फाइल हव्या त्या क्रमानं टाका. गाणी थोडीच ठेवा. मी आधी हजारभर भरली होती, आजीपर्यंत पोचायला आत्याला दीडशे वेळा बटण दाबावं लागलं असतं. आता कार्डात बारा फाइल आहेत आणि पहिली आजीची आहे.

चालू करायच्या बटणावर आत्यानं स्वतः एक टिकली चिकटवली. अंधारात बोटाला लागते म्हणाली.

शेतात जाणाऱ्या घरांत ट्रॅक्टरवरच्या डेकला पेन ड्राइव्ह लागतो. तिथंही हेच नियम. फक्त तिथं आवाजाची पातळी सगळ्या फाइलींची सारखी करून घ्या, म्हणजे इंजिनच्या आवाजात एखादी ऐकू येत नाही आणि पुढची कानठळ्या बसवते, असं होत नाही. ऑडॅसिटीत त्याला ‘लाउडनेस नॉर्मलायझेशन’ म्हणतात.

आजची माणसं

कॅसेटवर नसलेलं गाणं ज्यांच्या ओठांवर आहे, त्यांचं आत्ताच भरून घ्या. याला मोबाईल पुरतो. व्हॉट्सॲपच्या माईकनं करू नका, तो आवाज दाबून लहान करतो. फोनमधला रेकॉर्डर उघडा, सेटिंगमध्ये सगळ्यात चांगली प्रत किंवा वेव्ह निवडा, फोन घडी केलेल्या टॉवेलवर गाणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा. पंखा आणि कूलर बंद. उन्हाळ्यात हे कठीण आहे, म्हणून पहाटे बसा. ‘म्हणा’ असं सांगून कुणी म्हणत नाही. हाताला काम लागतं. जातं नसेल तर सूप द्या, शेंगा फोडायला द्या.

मागच्या महिन्यात आत्या स्पीकर लावून बसली होती. आजीची पंढरीची ओवी आली आणि तिनं टिकलीवर बोट दाबून ती थांबवली.

‘हितं आईनं एक कडवं सोडलंय,’ म्हणाली.

‘कोणतं?’

ती गुणगुणू लागली. मी खिशातून फोन काढला, तर लगेच थांबली. मला वाटलं लाजली. तिनं वर बघितलं आणि म्हणाली, ‘आधी पंखा बंद कर.’